सईचं मानवशास्त्र आणि आहेराची वही

सईची आई (ए-२०१): सईला पुणे विद्यापीठात मानवशास्त्राच्या एमएला प्रवेश मिळाला. पेढे संध्याकाळी 🙏

शिंदे काका (सी-१०२): अभिनंदन! पण बीकॉम करून हाडं-कवट्या?

सई: काका, हिशेबातूनच तिकडे गेले. ताईच्या लग्नाआधी आजीने आहेराच्या जुन्या वह्या एक्सेलमध्ये चढवायला दिल्या. बघते तर कोणाचंच खातं शून्यावर येत नाही. त्यांनी १०१ दिले की आपण १५१, मग ते २०१. मी बाकी काढायला बसले तर आजी भडकली. "चुकतं करायला ते काय किराणावाले आहेत?"

कुलकर्णी काकू (बी-३०४): बरोबरच आहे त्यांचं!

सई: मग यावर कोणी लिहिलंय का ते शोधत गेले. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ मध्येच मांडलंय, भेट द्यावी लागते, घ्यावी लागते आणि फेडावीही लागते. न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्की पहिल्या महायुद्धाच्या काळात राहिले होते. तिथे लाल शिंपल्यांच्या माळा भेट म्हणून एका दिशेने बेटोबेटी फिरतात आणि शिंपल्यांची पांढरी, हातात घालायची कडी उलट्या दिशेने. कायमचं कोणीच ठेवून घेत नाही.

शिंदे काका: म्हणजे आपला ब्लाउजपीस 😄

सई: हो, पण आपण तो कोणाकडून आला ते लपवतो! तिथे नावाजलेली माळ आधी कोणाकोणाकडे होती, हे मिरवून सांगतात.

जोशी सर (ए-५०३): शिंदे, कवट्यांचं म्हणाल तर इरावती कर्व्यांनीही बर्लिनला त्याच मोजल्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्व मानणारे. कवटीवरून वंशाचं श्रेष्ठत्व दिसतं हे त्यांचं गृहीतक बाईंच्या मोजमापात टिकलं नाही, आणि तसं त्यांनी प्रबंधात लिहिलं. पुढे डेक्कन कॉलेजात राहून नातेव्यवस्थेवर काम केलं, ते पुस्तक १९५३ चं. सई, ते आधी वाच.

शिंदे काका: बरं, पण नोकरी?

सई: भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षण आहे, आदिवासी संशोधन संस्था तर पुण्यातच आहे. जागा मात्र कमी निघतात.

सईची आई: तिचे बाबा अजून बँकेच्या परीक्षांचे फॉर्म आणतातच.

कुलकर्णी काकू: सई, आमच्या लग्नाची १९८७ची वही माळ्यावर आहे, घेऊन जा. फक्त कोणी किती दिले ते ग्रुपवर टाकू नकोस. देशमुख इथेच राहतात.

देशमुख (बी-४०१): वहिनी, वाचतोय मी. स्टीलचा डबा दिला होता, तो लिहिलाय ना?