दीड लाखात फौजी जीप? आधी त्या पेट्रोल इंजिनाला भंगारात घालू नका

कोरेगावचा पान्हा

परवा इथं ग्रुपवर एकानं फोटोसकट लिहिलं होतं. डिस्पोजलची, म्हणजे लष्करानं विकून टाकलेली जीप घेतली, पेट्रोल इंजिन भंगारात दिलं, मॅटाडोरचं डिझेल बसवलं, पुढं ट्रॅक्टरचे टायर, वरून ऑलिव्ह ग्रीन, दीड लाखात "1942 ची अमेरिकन" घरच्या घरी तयार. खाली सगळे बदाम टाकतायत. मला काय राहवेना राव, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिलं म्हणजे ती 42 ची नाहीच. फोटोत जाळीला सात खाचा दिसतायत आणि बॉनेट छातीपर्यंत उंच. युद्धातल्या विलीज एमबीच्या पत्र्याच्या जाळीला नऊ खाचा असतात. ही सीजे थ्री-बी, विलीजनं हे मॉडेलच 1953 ला काढलं आणि पुढं महिंद्रानं ते इथं वर्षानुवर्षं बनवलं. बॉनेट उंच कारण आतलं हरिकेन इंजिन उंच, इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले ना. त्यानं गाडीची किंमत कमी होत नाही, पण जे आहे ते सांगा की.

आता इंजिन. 2199 सीसी, चार सिलिंडर, ओतीव लोखंडाचा ब्लॉक, एकही सेन्सर नाही. बोअर म्हणजे सिलिंडरची आतली भिंत झिजली तर रिबोअर करून भोक मोठं करायचं, ते माप संपलं तर आत स्लीव्ह म्हणजे नवी नळी, क्रँक घासून त्या मापाचं अंडरसाइज बेअरिंग. ही कामं कुपवाड एमआयडीसीत रोज होतात, त्यासाठी पुणं-मुंबई करायला लागत नाही. जाम झालं म्हणजे मेलं असं नसतं, प्लगच्या भोकातून डिझेल आणि गिअरबॉक्सचं पातळ ऑइल मिसळून ओता, चार-आठ दिवस गप बसा, मग हँडलला हात लावा. लोक पहिल्याच दिवशी ट्रॅक्टरला बांधून ओढतात आणि मग म्हणतात इंजिन बेकार निघालं.

आणि डिझेलमध्ये स्वस्त काय आहे ते कुणीतरी कागदावर मांडून दाखवा. माउंट कापून नवीन वेल्डिंग, मधली ॲडॉप्टर प्लेट, प्रोपेलर शाफ्ट कमीजास्त करणं, मोठा रेडिएटर, वजनानं पुढचे स्प्रिंगचे पाटे बसतात ते वेगळंच. मागच्या ॲक्सलचं क्राऊन-पिनियन 5.38 चं, म्हणजे चाक एकदा फिरायला शाफ्ट 5.38 वेळा फिरतो, डिझेल तेवढ्या आरपीएमला फिरत नाही, मग गाडी पन्नासला बोंबलायला लागते. हे पैसे एकदम जात नाहीत, दर शनिवारी दोन-तीन हजारांनी जातात, म्हणून दीड लाखात धरलेच जात नाहीत.

बजेट कमी असेल तर ब्रेक, स्टिअरिंग, चेसिसच्या चिरा हे आधी, मग इंजिन, रंग सगळ्यात शेवटी. इथं सगळे रंगापासनं सुरू करतात कारण फोटोत रंग दिसतो.

बागणीचा बुलेटराजा

तो "एकानं" म्हणजे मीच. नाव घेऊन लिहायला काय लाज वाटली का? सात खाचा मोजल्याबद्दल धन्यवाद, आणखी दोन ग्राइंडरनं पाडून घेतो म्हणजे तुमचं समाधान होईल.

तुमचं ज्ञान ठेवा बाजूला. पेट्रोल शंभरच्या वर आहे आणि माझी जीप लिटरला सात देत होती. मी ती शोकेसमध्ये ठेवायला घेतली नाही, मळ्यात जायला घेतलीय, मागं खताची पोती असतात. आणि ते लोखंडी ब्लॉकचं कौतुक मला सांगू नका. 2019 च्या महापुरात ही गाडी आधीच्या मालकाच्या गोठ्यात पाण्याखाली होती. ऑइल चेंबर उघडलं तर नदीचा गाळ. वॉटर जॅकेटला, म्हणजे ब्लॉकमधल्या थंड पाण्याच्या पोकळीला चीर. डिझेल ओतून गप बसा म्हणे. मी काय अंडी उबवत होतो का?

आणि इथेनॉलचं कोण बोलणार? आता सगळीकडं वीस टक्के मिसळलेलं पेट्रोल. जुने रबरी पाइप आणि फ्युएल पंपाचा डायफ्राम त्यात फुगतो, चिरतो. ऊस आमचा, कारखाना आमचा, इथेनॉल आमचं आणि डायफ्राम पण आमचाच फाटतो.

कुपवाडचा लेथवाला

माझ्या धंद्याचा विषय निघालाय म्हणून बोलतो. वॉटर जॅकेटला बाहेरच्या बाजूनं चीर असेल तर मेटल स्टिचिंग होतं, म्हणजे धातूच्या पिना ठोकून चीर शिवतात, निकेल रॉडनं गरम करून वेल्डिंग पण होतं. पण बोअरच्या भिंतीपर्यंत गेली असेल तर मी स्वतः गिऱ्हाइकाला परत पाठवतो. चीर कुठं होती ते आधी सांगा, मग भांडा.

डायफ्राम आणि पाइप इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे मिळतात, त्याच्यासाठी अख्खं इंजिन बदलायचं कारण नाही. मात्र जुन्या गाडीत पेट्रोल महिनोन्महिने साठवून ठेवू नका, इथेनॉल पाणी ओढतं आणि टाकी आतून गंजते.

बाकी पान्हा भाऊंचं "स्वस्तात होतं" हे पण जरा जपून. माझ्याकडं लोक रिबोअर करून नेतात आणि पिस्टनच्या रिंगा कुठल्या तरी मापाच्या टाकतात. मग धूर आला की शिव्या मला.

रिटायर्ड ईएमई

मी ईएमईत, लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत होतो, या गाड्या उघडण्यात आयुष्य गेलं. जोंगा या जबलपूरच्या लष्करी गाड्याही केल्या. इंजिनाचं तुम्ही पोरं काय ते बघा. मला राग वेगळ्या गोष्टीचा आहे.

ऑलिव्ह ग्रीन का मारला? केंद्रीय मोटार वाहन नियम, 121 वाचा. संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कुठल्याही गाडीला तो रंग लावता येत नाही. इथं कुणी उठतो आणि डबा घेऊन रंग मारतो. वर बंपरला "आर्मी" स्टिकर. आनेवाडीला टोलवर एक पोरगा बघितला, डोक्याला कॅमोफ्लाज टोपी, गाडी हिरवी, आणि पावती मागितली म्हणून त्या पोरीवर ओरडतोय. टोलची सूट ड्युटीवरच्या जवानाला असते. मला रिटायर्डला नाही, मी पैसे भरून जातो. आमच्या गावाच्या नावातच मिलिटरी लागतं, घराघरातनं माणसं गेलीत. तो रंग फॅशन नाही.

मिरजेचा मिरची

मग काय काका, गुलाबी मारायचा का? 😂 युद्धातली जीप फॅक्टरीतनंच हिरवी निघालेली.

रिटायर्ड ईएमई

काका कुणाला म्हणतोस? आणि हसायचं काही नाही यात. रात्री नाक्यावर हिरवी गाडी थांबवायला शिपाई कचरतो, त्याचाच फायदा उद्या कोण घेईल सांगता येतं का?

बागणीचा बुलेटराजा

माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, इटलीत लढले, पायात छर्रा घेऊन आले. मी रंग त्यांच्यासाठी मारलाय. मला देशभक्ती शिकवू नका. स्टिकर नाही, टोल भरतो, टोपी घालत नाही.

रिटायर्ड ईएमई

आजोबांना नमस्कार. पण नियम आजोबांना विचारून केलेला नाही.

वाईचा काळा कोट

रंगाचा विषय निघालाच आहे तर यातली खरी गंमत ऐका. 2021 ला व्हिंटेज गाड्यांचे नियम आले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी, नवीन नोंदणीला 20,000 रुपये, नंबरमध्ये व्हीए. अट अशी, की गाडी मूळ रूपात पाहिजे, चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. म्हणजे एक नियम म्हणतो मूळ रूप ठेवा आणि 121 म्हणतो मूळ रंग लावू नका. माझ्या एका अशिलाची जीप याच कात्रीत अडकलीय. एका ऑफिसात साहेब म्हणाले मूळ रंग दाखवा, दुसऱ्या ठिकाणी म्हणाले हा रंग काढा. शेवटी त्यानं करडा मारला, आता कुणालाच आवडत नाही.

बुलेटराजा, तुमच्यासाठी: डिझेल बसवलंत तिथंच व्हिंटेजचा दरवाजा बंद झाला. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली इंजिन बदलाची आरसीत नोंद केलीत का? नसेल तर अपघातात विमा कंपनी पहिल्यांदा इंजिन नंबरच बघते.

बागणीचा बुलेटराजा

व्हिंटेज नंबर घेऊन करू काय? तो घेतला तर प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यालाच गाडी रस्त्यावर आणता येते. खताची पोती रॅलीत नेऊ का? आरसीचं काम चालू आहे, एजंटला पैसे दिलेत, तो फोन उचलत नाही.

कोरेगावचा पान्हा

चालू आहे म्हणजे झालेलं नाही! आणि दीड लाखात एजंट धरला होता का?

इंजिनावरनं रंगावर गेले सगळे, ब्रेकचं कुणी बोलेना. या गाडीला ब्रेकचं एकच सर्किट. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. माझ्या मेव्हण्याला यवतेश्वरच्या उतारावर हे झालंय. फर्स्ट गिअर टाकून कड्याला घासत थांबवली, खालच्या वळणावर एसटी येत होती. तेव्हापासून मी माणसाला आधी ब्रेकचा मास्टर सिलिंडर विचारतो, रंग नंतर. आणि ते ट्रॅक्टरचे टायर! साइज 6.00-16 च आहे, बसतात आरामात, मान्य. पण ते तीन पट्ट्यांचे टायर नांगरटीच्या स्पीडचे. ओल्या डांबरावर ब्रेक मारला की गाडी सरळ जाते, तुम्ही स्टिअरिंग फिरवत बसा.

मिरजेचा मिरची

पान्हा दादांच्या घरी जीप आहे का हो? की फक्त मेव्हण्याचीच?

कोरेगावचा पान्हा

आहे. चेसिस उघडी पडलीय अंगणात, बायको त्यावर कपडे वाळत घालते. पैसे येतील तशी करतोय. अर्धवट आहे म्हणून मला बोलायचा हक्क नाही का?

मिरजेचा मिरची

हाच तर मुद्दा ना दादा. तुमची ओरिजिनल दोरीवर, त्याची डुप्लिकेट मळ्यात.

कुपवाडचा लेथवाला

😀 याला उत्तर नाही.

पण बुलेटराजा, चीर कुठं होती ते अजून सांगितलं नाहीस.

बागणीचा बुलेटराजा

बाहेरच्या बाजूला. मॅनिफोल्डच्या खाली. खूष?

आता त्याचं काय. ब्लॉक भंगारवाल्याकडं आहे, माधवनगर रोडला. त्यानं अजून फोडला नसेल तर आणतो. बसवणार नाही, सांगून ठेवतो, नुसता आणून ठेवतो. टायर बदलतो, ते मलाही पटलंय, पावसात दोनदा शेवटच्या क्षणी वाचलोय. रंगाचं मात्र कुणी बोलू नका.

रिटायर्ड ईएमई

मी बोलणार. आणि ब्लॉक आणलास तर कार्बोरेटर पण बघ त्याच भंगारात, आतल्या पितळेसाठी आधी तेच जातं. सापडला तर मला फोटो टाक, जेट मोकळे कसे करायचे सांगतो.