लॅक्टोमीटर फसतो हो
कुणीतरी म्हटलंय की शंभर वर्षांपूर्वी लॅक्टोमीटर (दूध किती जड-हलकं ते दाखवणारी तरंगती नळी) बुडवला की दुधातली भेसळ लगेच कळायची. एवढं सोपं नव्हतं ते! साय काढली की दूध जड होतं, पाणी घातलं की हलकं, मग गवळी दोन्ही करायचे आणि रीडिंग बरोब्बर जागेवर. म्हणून १८९० मध्ये अमेरिकेत बॅबकॉक नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने दुधात सल्फ्युरिक अ‍ॅसिड घालून बाटली गरगर फिरवायची आणि मानेत वर आलेलं फॅट सरळ मोजायचं अशी टेस्ट काढली. आणि दूध नासू नये म्हणून तेव्हा फॉर्मॅलिन घालायचे (हो, तेच, प्रेतं टिकवायचं!), ते पकडायला टेस्ट ट्यूबच्या कडेने अ‍ॅसिड हळूच सोडायचं, मध्ये जांभळी रिंग आली की चोर सापडला. गंमत म्हणजे एकदम शुद्ध अ‍ॅसिड इथे चालत नाही, त्यात किंचित लोह लागतंच.