'उसवण' मोठी की 'हिंदू'?

शिलाईवाला
वर्षभरात सात-आठ नव्या मराठी कादंबऱ्या वाचल्या. देवीदास सौदागरांची 'उसवण' मला भालचंद्र नेमाड्यांच्या 'हिंदू'पेक्षा मोठी वाटली. 'उसवण' लहानशी, 'हिंदू' सहाशे पानांच्या घरात, तरीही. रेडिमेड कपड्यांमुळे एका शिंप्याचा धंदा बसत जातो, एवढीच गोष्ट. माझे वडील शिंपी. दिवाळीआधी घरात पाय ठेवायला जागा नसायची, आम्ही पोरं रात्री काजं-बटणं करायचो. पुढे गिऱ्हाईक यायचं ते विकतच्या पँटची उंची कमी करायला. वडील पँट उलटी करून आतली शिलाई बघायचे. बोलायचे काहीच नाहीत. हे कुणी कादंबरीत लिहील असं मला कधी वाटलं नव्हतं. सौदागर स्वतः शिवणकाम करणारे, म्हणूनच ते जमलं. २०२४चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार योग्य पुस्तकाला गेला.

'हिंदू' तीनदा सोडली. माणसं कमी, माहितीचे ढीग जास्त. मनोज बोरगावकरांच्या 'नदीष्ट'मधली नांदेडची गोदावरी फार आवडली, पण काठावरचं प्रत्येक माणूस भेटलं की आपली कहाणी सांगायला लागतं, ते खटकलं. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'तला तनयचा भाग जिवाला लागला, अनुजाचा पातळ वाटला.

तापीकाठची
'माहितीचे ढीग' हे मला अजिबात मान्य नाही. 'हिंदू'चा नायक खंडेराव पुरातत्त्वाचा अभ्यासक आहे. उत्खननात थरामागून थर निघतो, तसंच इथे घर, गाव, जाती, आयाबाया निघत जातात. वडील आजारी म्हणून तो आपल्या गावी, मोरगावला निघतो आणि हा सगळा वारसा त्याच्या गळ्यात पडतो. 'हिंदू: जगण्याची समृद्ध अडगळ', पूर्ण शीर्षकातच 'समृद्ध अडगळ' आहे, भाऊ. आमच्या माळ्यावर जू, पाभर, चेपलेले हंडे पडलेत. टाकू का विचारलं की आई एकेका वस्तूची गोष्ट सांगते, आणि संध्याकाळी सगळं परत माळ्यावर जातं. वडिलांचं मशीन तुम्ही भंगारात घातलंत का?

चाळीतला वाचक
मला राग 'कोबाल्ट ब्लू'तल्या अनुजाच्या बाबतीत आलाय. बहीण-भाऊ एकाच भाडेकरूवर जीव लावतात आणि एकमेकांना सांगू शकत नाहीत. ती त्याच्याबरोबर पळून जाते, तो तिला टाकून जातो, ती एकटी घरी परत येते. त्यानंतरचं तिचं बोलणं कोरडं असणारच! तनयला निदान आठवणीत रमता येतं, तिला रोज त्याच घरात सगळ्यांच्या नजरा झेलायच्या आहेत. आणि हे पुस्तक २००६चं, समलिंगी संबंध कायद्याने गुन्हा होता तेव्हाचं. हातावरच्या कामाची कादंबरी तेवढी खरी आणि पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरातली पातळ, हे माप मला चुकीचं वाटतं.

पन्हाळ्याचा पाऊस
कृष्णात खोतांची 'रिंगाण' कुणीच कशी घेतली नाही? धरणामुळे गाव उठलं, म्हैस मागेच राहिली, रानटी झाली, आणि देवाप्पा तिला आणायला परत जातो. बोली अडते म्हणून माझ्या एका मित्राने पुस्तक ठेवून दिलं. मी त्याला फोनवर चार पानं मोठ्याने वाचून दाखवली. मग त्याला एकाही शब्दाचा अर्थ विचारावा लागला नाही. डोळ्यांनी भरभर वाचायचं पुस्तक नाही ते. माझ्या लेखी या यादीत तेच सगळ्यात वर.

शिलाईवाला
'रिंगाण' उद्याच मागवतो. अनुजाबद्दल तुमचं पटलं. परत येण्याचा भाग मी घाईत वाचला होता, पुन्हा वाचेन.

तापीकाठच्या ताई, मशीन आहे. पायडलचं. पट्टा तुटलाय, त्यावर काही शिवलं जात नाही, तरी दर खंडेनवमीला आई त्याला हळदकुंकू लावते. 'हिंदू' काढून ठेवली आहे. या वेळी सुरुवातीपासून नाही, तो मोरगावला पोचतो तिथून वाचतो. पण 'उसवण' खाली आणणार नाही.