मदत हवी आहे: पायथनची दोन पॅकेजेस एकत्र इन्स्टॉल होत नाहीत

मंडळी, पायथन ३.१२ वर नवीन व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पॅकेजेस ठेवायची वेगळी जागा) केलंय, तरी पिप (पॅकेजेस इन्स्टॉल करणारं टूल) डिपेंडन्सी कॉन्फ्लिक्ट दाखवतंय. एका पॅकेजला नमपाय (आकडेमोडीची लायब्ररी) २ च्या खालचं व्हर्जन हवंय, दुसऱ्याला २ किंवा पुढचं. डिपेंडन्सी न तपासता इन्स्टॉल केलं तर होतं, पण इम्पोर्ट करताना क्रॅश. २०२४ मध्ये आलेल्या नमपाय २.० मध्ये एबीआय (कंपाइल झालेला कोड लायब्ररीशी जोडण्याची पद्धत) बदलला, त्यामुळे जुन्या नमपायवर कंपाइल झालेली मॉड्यूल्स त्यावर चालत नाहीत, इथपर्यंत कळलंय. दुसऱ्या पॅकेजचं जुनं व्हर्जन घेता येत नाही, मला लागणारं फंक्शनच त्यात नाही.

आता पहिलं पॅकेज सोर्समधून नव्या नमपायवर बिल्ड करू, की दोन एन्व्हायर्नमेंट ठेवून डेटा फाइलमधून पाठवू? दुसरा मार्ग सुरक्षित वाटतो, पण डेटा बराच मोठा आहे. असं बिल्ड कोणी केलं असेल तर कृपया सांगा, व्हर्जनची अट कुठे बदलायची? पूर्ण एरर हवा असल्यास लगेच टाकतो.