पंचाहत्तरीत दोन कर्करोग: दोन्हींवर उपचार हवेतच का?

काठावरचा: एकाच माणसात दोन स्वतंत्र कर्करोग. एक पसरून दुसरीकडे गेलेला नव्हे, दोन्ही मूळचेच. घरचे म्हणतात, "दोन्ही काढून टाका." मी म्हणतो, आधी जीव घेईल त्याच्यावर उपचार करा, दुसऱ्यावर लक्ष ठेवा. आतड्याचा तिसऱ्या स्टेजचा, म्हणजे जवळच्या लसिका गाठींपर्यंत पोहोचलेला, आणि प्रोस्टेटचा कमी जोखमीचा निघाला, तर प्रोस्टेटला हात कशाला लावायचा? ब्रिटनमधल्या 'प्रोटेक्ट' या उपचारांची तुलना करणाऱ्या संशोधन-चाचणीत ऑपरेशन, रेडिएशन किंवा नुसती देखरेख, काहीही केलं तरी १५ वर्षांत प्रोस्टेट कर्करोगाने सुमारे ३ टक्केच रुग्ण गेले.

रोखठोक: साफ असहमत. त्या चाचणीत लोक ५० ते ६९ वयाचे घेतले होते. आधी कर्करोग झालेल्यांना तर कित्येक चाचण्या दारातच उभं करत नाहीत. मग हा पुरावा पंचाहत्तरीला लावता कसा? 'लक्ष ठेवू' म्हणजे बऱ्याचदा जन्मतारीख बघून हात वर करणं.

काठावरचा: वय वाढलं की माझा मुद्दा आणखी पक्का होतो. सावकाश वाढणाऱ्या गाठीला जीव घ्यायला तेवढी वर्षं मिळतातच कुठे? उलट प्रोस्टेटवर हार्मोन उपचार दिलेच, तर हाडं ठिसूळ होतात, त्यात आतड्यासाठीच्या केमोचा अशक्तपणा. पडले की खुब्याचं हाड मोडलंच.

सावळीण: दोघेही घाईत आहात. आधी दुसऱ्या गाठीची बायोप्सी झाली का? स्तनाचा कर्करोग असलेल्या बाईच्या फुप्फुसात गाठ दिसली की 'पसरला' असं धरून चालतात. कधी तो फुप्फुसाचाच नवा, लवकर सापडलेला, बरा होण्याजोगा कर्करोग असतो. आणि वयापेक्षा चालणं, स्मरणशक्ती, वजन, चालू गोळ्या, घरी बघणारं कोण, हे तपासा. अमेरिकेतल्या २०२१ च्या एका चाचणीत सत्तरीपुढच्या रुग्णांची अशी तपासणी करून डॉक्टरांना सल्ला दिला, तर गंभीर दुष्परिणाम ७१ वरून ५१ टक्क्यांवर आले. सहा महिन्यांच्या जगण्यात फरक पडला नाही.

रोखठोक: तपासणीला माझी ना नाहीच. पण तीत माणूस ठणठणीत निघाला तर? आणि आतड्याऐवजी गुदाशयाचा कर्करोग असेल तर 'प्रोस्टेटचं नंतर बघू' चालतच नाही. दोन्हींचं रेडिएशन त्याच ओटीपोटात जातं, तिथे दुसऱ्यांदा देणं फार अवघड. दोन्हींचा बेत पहिल्याच दिवशी, एकाच बैठकीत ठरायला हवा.

काठावरचा: गुदाशयाचं मान्य. बेत एकत्र ठरवा, पण त्यात 'प्रोस्टेटला काही करायचं नाही' हाही पर्याय लिहिलेला असू दे. तो कागदावर येतच नाही, माझं भांडण तेवढंच आहे.