मदत हवी आहे: इंग्रजीतला 'फास्ट' हा एकच शब्द आहे की तीन?

अर्धविराम
नमस्कार मंडळी, घाईत आहे म्हणून सरळच विचारते. फास्ट म्हणजे वेगवान, फास्ट म्हणजे उपास आणि फास्ट म्हणजे घट्ट, हे तीन वेगळे शब्द आहेत का एकच? एका कोशात तीन नोंदी, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात सगळं एकाखाली कोंबलेलं, डोकं फिरलंय. नक्की माहीत असेल त्यांनीच सांगा प्लीज, काम अडलंय. आणि 'गुगल कर' म्हणू नका, ते करूनच आलेय.

भुंगा
काम म्हणजे कसलं काम? परीक्षा, लेख, शब्दकोडं? नुसता अर्थ हवाय का व्युत्पत्ती? तुम्ही काहीच सांगितलं नाहीये.

स्पष्टवक्ता
तीन शब्द. यात शंकाच नको. घट्ट म्हणजे जे हलत नाही आणि वेगवान म्हणजे जे धावतं, असे उलटे अर्थ एका शब्दातून निघतीलच कसे. योगायोगाने उच्चार सारखा झालाय एवढंच. जशी पैशांची बँक आणि नदीची बँक.

कोशातला किडा
स्पष्टवक्ता, उदाहरण नेमकं उलटं घेतलंत. पैशांची बँक आली इटालियन बांका म्हणजे सावकाराच्या बाकावरून आणि तो शब्द इटालियनने घेतला जर्मानिक म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातल्या भाषांकडून. नदीकाठची बँक आली नॉर्स म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या लोकांकडून. दोन्ही मागे नेले की बेंच ज्या कुळातला त्याच कुळात पोचतात. उच्चाराचा निव्वळ योगायोग हवा असेल तर बॅट घ्या, वटवाघूळ आणि फळी. त्यांचा खरंच संबंध नाही.

आता फास्ट. एकच शब्द आहे. जुन्या इंग्रजीत फॅस्ट म्हणजे पक्का, घट्ट, न हलणारा, आणि हा सगळ्यात जुना अर्थ. फासन म्हणजे घट्ट करणं, स्टेडफास्ट म्हणजे जागेवर घट्ट, फास्ट अस्लीप म्हणजे गाढ झोपलेला, हे सगळे त्याच अर्थाचे अवशेष. उपासाचा अर्थ पण तिथूनच आला, नियम घट्ट धरून ठेवायचा, मोडायचा नाही. चौथ्या शतकातल्या गॉथिक, म्हणजे इंग्रजीच्या नात्यातल्या एका जुन्या भाषेतल्या बायबलमधे फास्तान हे क्रियापद पाळणं, राखणं आणि उपास करणं अशा दोन्ही अर्थांनी सापडतं, म्हणजे ही जोडी इंग्रजीच्या बरीच आधीची आहे. डचमधे वास्ट म्हणजे घट्ट आणि वास्टन म्हणजे उपास करणं, जर्मनमधे फेस्ट आणि फास्टन, तोच प्रकार.

वेगाचा अर्थ सगळ्यात धाकटा, १३व्या-१४व्या शतकाच्या आसपासचा. तो विशेषणातून नाही, क्रियाविशेषणातून आला. घट्टपणे, मग नेटाने, मग जोर लावून, आणि जोर लावून पळणारा माणूस वेगात पळतो, म्हणून वेगाने. एकदा 'रन फास्ट' रूढ झालं की 'फास्ट हॉर्स' व्हायला वेळ लागत नाही.

कोशांचा घोळ एवढ्यासाठीच की काही कोश मूळ बघून एकत्र नोंद करतात आणि काही आजचे अर्थ बघून वेगळी. दोघंही चूक नाहीत.

मीनल के
फास्ट, क्विक आणि रॅपिड यात पण फरक आहे हं. फास्ट म्हणजे वेग जास्त, क्विक म्हणजे कमी वेळात उरकणारं, म्हणून फास्ट कार म्हणतात पण क्विक लुक म्हणतात. रॅपिड जरा शास्त्रीय. लिहिताना हे ध्यानात ठेवा, बरेच लोक गल्लत करतात.

अर्धविराम
मीनल, थँक्स, पण ते विचारलं नव्हतं. किडा, तुमचं पटतंय. पण मग लेखकाने मुद्दाम केलं असेल का?

भुंगा
कोणत्या लेखकाने???

नियमित उपासकर्ता
उपासाचे शरीराला खूप फायदे आहेत, सोळा तास पोट रिकामं ठेवलं तर बघा किती हलकं वाटतं. मी कित्येक वर्षं करतोय. मात्र मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारूनच करा.

प्रयोगशाळेतून
आमच्याकडे हा शब्द रोज कानावर पडतो आणि वेगाशी त्याचा काडीचा संबंध नसतो. क्षयाच्या जंतूला अ‍ॅसिड-फास्ट बॅसिलस म्हणतात, रिपोर्टवर एएफबी लिहिलेलं असतं ते हेच. थुंकीचा नमुना काचपट्टीवर पसरायचा, त्यावर कार्बोल फुक्सिन हा लालभडक रंग ओतून खालून गरम करायचं, वाफ दिसली पाहिजे पण उकळता कामा नये. मग आम्ल घातलेल्या अल्कोहोलने धुवायचं. बाकी सगळ्यांचा रंग धुऊन जातो, क्षयाच्या जंतूच्या मेणचट भिंतीत मात्र तो पक्का बसलेला असतो, जात नाही. शेवटी निळा रंग दिला की सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या दिसतात. तो लाल रंग आम्लालाही दाद देत नाही, हा फास्ट. जर्मन शास्त्रज्ञ कोखने १८८२मधे हा जंतू जगासमोर आणला आणि त्याच वर्षी एर्लिख या दुसऱ्या जर्मन शास्त्रज्ञाने त्याचा हा गुण हेरला. नवीन मुलं येतात त्यांना वाटतं आम्लात वेगाने वाढणारा जंतू असेल, म्हणून मी पहिल्याच दिवशी हा शब्द फोडून सांगते.

कपड्याचा रंग फास्ट आहे म्हणतात तेही हेच.

संस्कृताभिमानी
एवढं लांब जायची गरजच नाही. आपला फास बघा. फास म्हणजे आवळणारा दोर, घट्ट बसणारा. फास आणि फास्ट. मूळ इथंच आहे.

कोशातला किडा
आवाज सारखा आला म्हणून नातं जुळत नाही हो. आपला फास आला संस्कृत पाशापासून. आणि १८२२मधे याकोब ग्रिम या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने नियम मांडला त्यानुसार इंग्रजीतला मूळचा फ आपल्याकडे प म्हणून दिसतो, फादर आणि पितृ, फूट आणि पाद. म्हणजे आपला फ आणि त्यांचा फ सारखे दिसले की उलट जास्त संशय घ्यायला हवा. पाशाचं कूळ कोशकार लॅटिनच्या पॅक्स म्हणजे शांतता आणि इंग्रजीतल्या फँग म्हणजे सुळा यांच्याशी जोडतात, फास्टशी नाही.

तुम्हाला खरं नातं हवंच असेल तर मीनलताईंच्या क्विककडे बघा. क्विकचा जुना अर्थ वेगवान नव्हताच, जिवंत असा होता. पाऱ्याला क्विकसिल्व्हर म्हणतात कारण तो जिवंत असल्यासारखा पळतो. आणि क्विक आणि आपला जीव एकाच मुळातून आलेत. हे मला जेव्हा कळलं तेव्हा मी अक्षरशः उठून उभा राहिलो होतो.

संस्कृताभिमानी
जीवाचं मान्य. फासाचं मला अजून पटलेलं नाही, ग्रिमच्या नियमाला अपवाद असतातच.

भुंगा
अपवादांनाही नियम असतात. पण धागाकर्त्या कुठे गेल्या? कोणता लेखक, कोणतं वाक्य?

अर्धविराम
सॉरी, मला वाटलं कळलं असेल. अनुवाद करतेय, इंग्रजी कथेचा, होडी फुटते त्या प्रसंगावर अडलेय. एका परिच्छेदात हा शब्द चारदा येतो. द बोट ले फास्ट ऑन द रॉक. पुढे द टाइड वॉज कमिंग इन फास्ट. मग माणसं हेल्ड फास्ट टू द रोप. आणि शेवटी कुणीही हॅड ब्रोकन देअर फास्ट सिन्स द डे बिफोर. म्हणून विचारत होते की शब्द एकच असेल तर लेखक खेळतोय आणि मला मराठीत तो खेळ आणायला हवा, वेगळे असतील तर चार वेगळे शब्द टाकून मोकळी होते.

भुंगा
हे पहिल्याच पोस्टमधे असतं तर!

दर्यावर्दी
चारपैकी दोन तर आमचे रोजचे शब्द आहेत, त्यात खेळबीळ काही नाही. जहाज धक्क्याला लागलं की दोर 'मेक फास्ट' करतात. दोराच्या टोकाचा फासा धक्क्यावरच्या बोलार्डवर म्हणजे दोर अडकवायच्या खुंटावर चढवायचा, जहाजावरची बाजू ताणून जोडखांबांना इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे घालायचे, एकावर एक, दोर सरकायचा बंद होईपर्यंत. सगळे दोर बांधून झाले की 'ऑल फास्ट' असा निरोप वर जातो. नवख्याला वाटतं घाई करायला सांगतायत. खरं तर त्या क्षणाला जहाज पूर्ण थांबलेलं असतं. थांबा म्हणून आम्ही अव्हास्ट म्हणतो त्याचंही मूळ डच 'हाउड वास्ट' म्हणजे घट्ट धर असं सांगतात.

समुद्रावरच्या गोष्टीत फास्ट सारखा सारखा येणारच. लेखकावर भलते आरोप करू नका.

स्पष्टवक्ता
चारदा? एका परिच्छेदात? चौथ्यांदा तर उपास! हे मुद्दाम केलेलं आहे, कुणीही सांगेल. ताई, खेळ आणाच, नाहीतर अनुवाद कोरडा होईल.

भुंगा
स्पष्टवक्ता, तुम्ही मघाशी तीन वेगळे शब्द म्हणत होतात.

स्पष्टवक्ता
मूळ एक असो नाहीतर तीन, लेखकाला उच्चार एक दिसला की तो खेळणारच. त्यासाठी व्युत्पत्ती कशाला लागते?

जुनं पान
उशिरा आलो. मुद्दाम आहे की नाही ठरवायला एक तुलना देतो. १६११च्या इंग्रजी बायबलमधे, प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या २७व्या अध्यायात प्रेषित पौलाचं जहाज वादळात सापडतं. ३३व्या ओवीत तो म्हणतो आज चौदावा दिवस, तुम्ही काही खाल्लेलं नाही, तिथे फास्टिंग आहे. ४१व्या ओवीत जहाजाचं नाक जमिनीत घुसतं, 'स्टक फास्ट अँड रिमेन्ड अनमूव्हेबल'. म्हणजे एकाच जहाजफुटीत उपास पण फास्ट आणि रुतणं पण फास्ट. मूळ ग्रीकमधे मात्र दोन्ही ठिकाणी पूर्ण वेगळे शब्द आहेत, त्यांचा एकमेकांशी संबंधच नाही. अनुवादकांनी इंग्रजीत आणताना ते आपोआप सारखे झाले. तेव्हा शब्द जवळजवळ आले एवढ्यावरून खेळ सिद्ध होत नाही. आणि इंग्रजी वाचणारा ती ओवी वाचताना थांबतही नाही.

अर्धविराम
बापरे, हे कामाचं आहे. पण माझ्या परिच्छेदात आठ-दहा ओळीतच चारही आहेत, आणि पूर्ण कथेत इतर कुठेही फास्ट नाही, आत्ताच शोधून बघितलं. वेगासाठी बाकी सगळीकडे स्विफ्टली वापरलंय.

जुनं पान
मग माझं मत बदललं. बाकी कथेत स्विफ्टली आणि इथेच फास्ट, म्हणजे निवड केलेली आहे. ही माहिती तुम्ही आधी द्यायला हवी होती, निम्मा धागा वाचला असता.

दर्यावर्दी
हं. मग असेल.

प्रयोगशाळेतून
अवांतर आहे पण उपासावरून आठवलं. ब्रेकफास्ट म्हणजे उपास मोडणं हे सगळ्यांना माहीत असतं, पण डिनरही तेच आहे. लॅटिनमधल्या उपास मोडण्याच्या शब्दावरून जुन्या फ्रेंचमधे दिनेर झालं आणि तिथून डिनर. त्या लॅटिन शब्दातला जेजुनस म्हणजे उपाशी, रिकामा. लहान आतड्याच्या मधल्या भागाला जेजुनम म्हणतात ते त्यावरूनच, शवविच्छेदनात तो भाग रिकामा सापडायचा म्हणून.

मीनल के
हे भारी आहे! म्हणजे दिवसातून दोनदा उपास मोडतो आपण.

कोशातला किडा
जर्मन शिकणाऱ्यांसाठी अजून एक. जर्मनमधे फास्ट म्हणजे 'जवळजवळ'. तिथेही सुरुवात घट्टपासूनच.

अर्धविराम, आता तुमच्या कामाचं. मराठीत हीच वाट आधीच तयार आहे, तुम्ही रोज वापरता. जोरात. जोर म्हणजे ताकद, दोर जोरात धर म्हणजे ताकदीने धर, आणि जोरात पळ म्हणजे वेगाने पळ. इंग्रजीत फास्टचं जे झालं तेच आपल्याकडे जोराचं झालंय. तेव्हा भरती जोरात येत होती आणि माणसांनी दोर जोरात धरला होता, दोन जागा तर फुकटात मिळाल्या.

स्पष्टवक्ता
आणि उपासाला कडकडीत. दोराला कडक धरला, उपास कडकडीत. नाहीतर सगळीकडे घट्ट वापरा.

कोशातला किडा
भरती घट्ट येत नाही हो. चारही जागी एकच शब्द बसवायचा हट्ट धरला तर मराठी मोडेल. दोन-दोनच्या जोड्या पुरे आहेत, वाचणाऱ्याच्या कानाला तेवढं लागतं.

अर्धविराम
असं करतेय, बघा: "होडी खडकात घट्ट रुतली होती. भरती जोरात येत होती, आणि तितक्याच जोरात माणसांनी दोर धरला होता. आदल्या दिवसापासून कुणाच्या पोटात काही नव्हतं, तो उपास तेवढा अजून घट्ट होता." घट्टची जोडी पहिल्या आणि शेवटच्या वाक्यात, जोरातची मधे.

संस्कृताभिमानी
'तितक्याच जोरात' छान जमलंय. उपास घट्ट मात्र कानाला खटकतं. उपास मोडतो किंवा सुटतो, घट्ट कसा असेल?

जुनं पान
मला तेच आवडलं. गॉथिकमधे पाळणं आणि उपास एकच होतं असं किडा म्हणाले ना, ते मराठीत पहिल्यांदा ऐकू आलं. तरी 'अजून सुटला नव्हता' हा सुरक्षित पर्याय आहे, घट्ट गाठ सुटते तसा उपासही सुटतो, म्हणजे दुवा तुटत नाही.

दर्यावर्दी
व्याकरणाचं तुम्ही बघा, पण होडी खडकात रुतत नाही. वाळूत रुतते, चिखलात रुतते. खडकावर अडकते, तळ खडकाच्या फटीत बसतो आणि दर लाटेला करकर आवाज येतो.

अर्धविराम
'खडकावर घट्ट अडकली होती' करते, आणि उपासाला 'सुटला नव्हता'. पाठवतेय आता, सगळ्यांचे मनापासून आभार.

नियमित उपासकर्ता
उपास सोडताना एकदम जड खाऊ नये, आधी काहीतरी पातळ घ्यावं.