ए सर्टिफिकेटचा सिनेमा, मुलीला अठरा पूर्ण, तरी दारातून परत पाठवलं. असं करू शकतात का?

रेवाची आई

नमस्कार, दोन दिवस डोक्यात हेच घोळतंय म्हणून लिहितेय, जरा लांबेल. माझ्या मुलीला मागच्याच महिन्यात अठरा पूर्ण झाली. अंगाने बारीक, उंची कमी, चेहरा अजून नववी-दहावीतल्या मुलीसारखा. ए सर्टिफिकेटवाला सिनेमा थिएटरात बघायची तिची पहिलीच वेळ, पाच मैत्रिणी मिळून गेल्या होत्या, तिकिटं हिनेच ऑनलाइन काढलेली. दारात तिकीट स्कॅन करणाऱ्याने बाकी चौघींना काही न विचारता आत सोडलं आणि हिला एकटीला बाजूला उभं केलं, आयडी दाखव म्हणे. हिने कॉलेजचं आयकार्ड काढलं तर त्याच्यावर जन्मतारीखच नाही. मग फोनमधला आधारचा फोटो दाखवला, तर फोटो चालत नाही, ओरिजिनल घेऊन ये. मागे रांग, सगळे बघतायत, कोणीतरी मागून "अगं घरी जा बाळा" असंही म्हणालं.

आणि सगळ्यात राग आणणारी गोष्ट म्हणजे त्या चौघींतली एक अजून सतराचीच आहे, पण उंच आहे, मोठी दिसते, ती आरामात आत! शेवटी चौघीही बाहेर आल्या, सिनेमा कोणीच बघितला नाही, पैसे गेले ते गेले. घरी येऊन ही सरळ खोलीत, दार बंद. रात्री म्हणाली, आई मी अजून किती वर्षं लहान दिसणार? मला काही बोलताच आलं नाही हो.

तर मला नीट कळून घ्यायचंय, आयडी मागायचा त्यांना अधिकार आहे का, फोनमधलं आधार नाकारू शकतात का, आणि पाच जणींत एकीलाच विचारणं हे कुठल्या नियमात बसतं?

कायदेवाचक

ताई, वाचून वाईट वाटलं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो असंच आहे, ए सिनेमाला वय विचारू शकतात आणि विचारायलाच पाहिजे. सिनेमॅटोग्राफ अ‍ॅक्ट १९५२ चा आहे, त्यात ए म्हणजे फक्त प्रौढांसाठी आणि प्रौढ म्हणजे १८ वर्षं पूर्ण झालेली व्यक्ती. अठरापेक्षा लहान माणसाला ए सिनेमा दाखवला तर कलम ७ खाली शिक्षा आहे. आणि ही शिक्षा दाखवणाऱ्याला आहे, बघायला आलेल्या पोराला नाही, त्यामुळे दारावरचा माणूस घाबरून असतो ते समजू शकतो.

पण कोणता कागद दाखवायचा याची यादी कायद्यात नाही, ते थिएटर आपलं आपण ठरवतं आणि तिथेच गोंधळ होतो. फोनच्या गॅलरीतला फोटो नाकारला हे मला तरी चूक वाटत नाही, कारण फोटोतली तारीख बदलणं आता दोन मिनिटांचं काम आहे. डिजिलॉकरमधून थेट उघडलेलं आधार मात्र वेगळं, तिथे इश्यू झालेलं डॉक्युमेंट मूळ कागदाच्या बरोबरीने धरायचं असं २०१७ पासून आयटी कायद्याखालच्या नियमात आहे. तेव्हा मुलीला आजच डिजिलॉकर टाकून द्या. शिवाय तिचं आधार कार्ड एकदा बघून घ्या, जुन्या बऱ्याच कार्डांवर पूर्ण जन्मतारीख नसते, नुसतं वर्ष असतं. नुकतीच अठरा झालेल्या मुलीला नुसत्या वर्षाचा काही उपयोग नाही, त्या वर्षात जन्मलेल्यांपैकी निम्मे सतराचेच असू शकतात. तसं असेल तर तारीख अपडेट करून घ्या, पुढे शंभर ठिकाणी लागणार आहे.

एकीलाच विचारलं याला कायद्यात उत्तर नाही. मला ते चूकच वाटतं.

जुना डोअरकीपर

मी मल्टिप्लेक्सच्या दारावर चार वर्षं काढलीयत आणि नंतर दोन वर्षं ड्युटी मॅनेजर होतो, म्हणून आतली बाजू सांगतो, सफाई म्हणून नाही.

आम्हाला सूचना एवढीच असायची की शंका आली तर विचारा. आता शंका कशावरून येणार? चेहऱ्यावरून, उंचीवरून, मुलगा असेल तर मिशीवरून. शो सुरू व्हायच्या आधीची दहा मिनिटं म्हणजे दोनशे माणसं एका दारातून आत घ्यायची, हातात स्कॅनर, कानात वॉकीटॉकीवर मॅनेजर ओरडतोय की रांग का थांबलीय, अशात प्रत्येकाचं वय तपासायचं कोणाला सुचत नाही, मग जो लहान दिसतो त्याला धरायचं. तुमच्या मुलीच्या बाबतीत हेच झालंय आणि त्यात खरी सतराची मुलगी आत गेली, म्हणजे ज्या कामासाठी तो उभा होता ते काम झालंच नाही आणि ज्या मुलीचा काही दोष नव्हता तिला मात्र रडवलं. मी स्वतः असं केलंय. एकदा एका बाईंना थांबवलं होतं, बावीस-तेवीसच्या असतील, नवरा बरोबर होता, त्यांचा चेहरा अजून आठवतो.

मॅनेजर झाल्यावर मी एक केलं होतं, ग्रुपमधल्या एकाला विचारायचं तर सगळ्या ग्रुपला विचारायचं आणि ते सुद्धा स्कॅन करायच्या आधी, जरा बाजूला घेऊन, हळू आवाजात. स्कॅनच्या आधी का ते सांगतो. तिकीट एकदा स्कॅन झालं की सिस्टीममध्ये ते वापरलेलं दिसतं, मग मॅनेजरच्या मनात असलं तरी काही करता येत नाही. स्कॅन झालेलं नसेल तर निदान आम्ही तरी तिकीट दुसऱ्या सिनेमाला बदलून द्यायचो. त्यामुळे पुढे कधी असं झालं तर दारावरच्या पोराशी वाद घालू नका, त्याच्या हातात काही नसतं, ड्युटी मॅनेजरला बोलवा म्हणा. बहुतेक लोकांना असा कोणी असतो हेच माहीत नसतं.

आणि बुकिंग करताना "मी १८ वर्षांचा आहे" वाला चौकोन येतो ना, तो सगळे न वाचता दाबतात. पण त्याच चौकोनाचं बोट दाखवून पैसे परत नाकारले जातात. वय विचारायचंच आहे तर पैसे घेण्याआधी, मोठ्या अक्षरात, कोणता आयडी चालेल हे लिहून विचारा ना.

अर्णवचा बाबा

धाग्याला थोडं फाटे फोडतोय, माफ करा, पण आमचंही असंच झालं. सिनेमा यूए १६+ होता, मुलगा १४ चा, मी आणि बायको दोघंही बरोबर. तरी दारात म्हणे सोळाच्या खाली एंट्री नाही. आम्ही आईबाप शेजारी उभे असताना!

कायदेवाचक

@अर्णवचा बाबा, तुमच्या केसमध्ये मात्र ते साफ चुकले. यूए म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाखाली. आधी एकच यूए होतं, १२ वर्षांखालच्या मुलांसाठी, २०२३ च्या दुरुस्तीने त्याचे यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ असे तीन भाग केले. हे आकडे पालकांना ठरवायला सोपं जावं म्हणून आहेत, अंमलबजावणी करायची ती पालकांनी, थिएटरने नाही. १६ चा आकडा दिसला की दारावरच्या माणसाला ए सारखंच वाटतं. आकडे आले पण ज्यांनी दारात उभं राहायचं त्यांना कोणी समजावून सांगितलेलं दिसत नाही.

अर्णवचा बाबा

धन्यवाद, हे माहीत नव्हतं, पुढच्या वेळी सांगेन. पण मग ए ला पण पालकांना का ठरवू देत नाहीत? अमेरिकेत आर रेटिंग असलं तरी आईबाप बरोबर असतील तर सतराखालच्या मुलाला सोडतात. माझा मुलगा काय बघू शकतो हे मला जास्त कळतं.

जुना डोअरकीपर

तुम्हाला कळत असेल हो, पण मी दारावर जे बघितलंय ते सांगतो. रात्रीच्या शेवटच्या शोला, मारामारी-रक्तपाताच्या ए सिनेमाला पाच-सहा वर्षांची पोरं कडेवर घेऊन येणारे आईबाप, आणि आम्ही अडवलं की आमच्यावरच ओरडणार, "त्याला काय कळतंय, झोपून जाईल तो". झोपत नाही. आवाजाने दचकून रडतो, आणि आई त्याला घेऊन जिन्यात उभी राहते. अशा वेळी माझ्या हातात ठाम नियम होता याचं मला बरं वाटायचं. ब्रिटनमध्ये तर १५ आणि १८ या दोन्हींना आईबाप बरोबर असले तरी सोडत नाहीत, पालकांबरोबर चालतं ते १२ए ला. यूएचं तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, पण ए ची रेघ आहे तिथेच राहू दे.

सतराचा

मी १७ चा आहे म्हणून बोलतो, कारण इथे सगळे आमच्याबद्दल बोलतायत. आमच्या ग्रुपमध्ये आधारचा फोटो एडिट केलेले दोघं आहेत, आणि खरंच चालतं ते, अंधारात कोण झूम करून बघतो. मी नाही केलं कारण सरकारी कागदावर तारीख बदलणं हे भलतंच आहे, एका सिनेमासाठी कशाला ते.

पण एक समजत नाही, तोच सिनेमा दोन महिन्यांनी ओटीटीवर येतो. २०२१ च्या आयटी नियमांत ए कंटेंटला वय तपासायची सोय आणि यूए १३+ पासून पुढे पॅरेंटल लॉक ठेवायला सांगितलंय, आणि घरी लॉक कोणी लावलाय? आमच्याकडे तर टीव्हीचा पिन मीच सेट केला होता. म्हणजे घरी कोणी विचारत नाही आणि दारात सगळ्यांसमोर विचारतात. मला विचारा, हरकत नाही, मी नाही म्हणून परत जाईन, फक्त हसू नका. रेवाच्या आई, तिला सांगा की परत पाठवल्याचं दोन दिवसांत विसरायला होतं, मागच्या त्या माणसाचं बोलणं जास्त लागलं असेल.

रेवाची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. @सतराचा, तू बरोबर ओळखलंस रे, मी तिला विचारलं तर तेच म्हणाली, आयडीचं काही नाही वाटलं, "बाळा" म्हणाले ते लागलं. मी त्या मागच्या माणसाचा विचारच केला नव्हता, सगळा राग दारावरच्या मुलावर होता.

आधार काढून बघितलं, नुसतं वर्षच आहे! म्हणजे ओरिजिनल नेलं असतं तरी परत पाठवलं असतं. केंद्रावर शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्मदाखला दोन्ही घेऊन जाणार आहोत, तोपर्यंत तिचा पासपोर्ट आहे तो चालेल. मॅनेजरला मेल केलाय, पैशांसाठी नाही, ग्रुपमध्ये एकीलाच विचारू नका एवढंच लिहिलंय, बघू काय म्हणतात.

मी म्हटलं तुम्ही चौघी तरी जाऊन या आता, तर नाही म्हणाल्या. त्या सतराच्या मैत्रिणीचा वाढदिवस तीन आठवड्यांनी आहे, तोवर थांबणार आणि पाचही जणी आपापली आयडी आधीच हातात धरून रांगेत उभ्या राहणार. तोवर सिनेमा राहिला तर हाच, नाहीतर दुसरा कुठला.